वाचन सुटलं ते नेमकं कुणामुळे?

नाशिकहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मुद्दा देते. वय 34, लेक साडेपाच वर्षांची. सात वर्षं शाळेत गणित शिकवलं, 2022 मध्ये नोकरी सोडली आणि घरून ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली. पहाटे साडेचारला अमेरिकेतली मुलं, संध्याकाळी साडेसहापासून दुबई-मस्कतची. मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात, घरात सासूबाई. सासूबाईंना आणि आता मिस्टरांनाही दुसरं मूल हवं आहे. "लेकीला राखी बांधायला कुणीतरी हवं," असं घरात रोज ऐकू येतं. त्या लिहितात: "लग्नाआधी मी महिन्याला सहा-सात पुस्तकं वाचायचे. लेक झाली तेव्हा लॉकडाऊन होता. रात्री तिला पाजता पाजता माहेरून आणलेले जुने दिवाळी अंक मी संपवले. आता वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक मार्चपासून उशाशी आहे, खूण 64 व्या पानावर. दुसरं मूल झालं तर मी पुन्हा कधीच वाचणार नाही, असं वाटतं. आणि पुस्तकांपायी मूल नको म्हणणारी आई कसली, असंही वाटतं. सध्या आम्ही सांभाळून असतो, वर्षभरात दोनदा गोळी घ्यावी लागली. घरच्यांना काय सांगू?"

*

नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा सरळ वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं आणि एका वाक्याखाली रेघ मारली. तुम्हाला वाटतं मूल झालं की वाचन संपतं. पण मूल अंगावर पीत असताना, रात्री-अपरात्री, झिरोच्या दिव्यात तुम्ही दिवाळी अंकांचा गठ्ठा संपवलात, हेही तुम्हीच लिहिलं आहे. मग लेकीने तुमचं वाचन कधी बंद केलं?

तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून वजाबाकी तुमच्यासमोर मांडते. संध्याकाळच्या बॅचेस साडेनऊला संपतात, मग जेवण, ओटा आवरणं, उद्याच्या वर्कशीट, पालकांचे मेसेज. झोपायला साडेअकरा. पहाटे गजर चार दहाचा. हाती उरतात चार तास चाळीस मिनिटं. एवढ्या झोपेवर दिवस काढणाऱ्या माणसाने कादंबरीचं एकच पान तीनदा वाचावं आणि चौथ्यांदा पुस्तक छातीवर ठेवून झोपी जावं, यात नवल नाही. तुमचं वाचन सुटलं ते लेक झाल्यावर दोन वर्षांनी, पहाटेची बॅच सुरू झाली तेव्हा. आळ मात्र आईपणावर आला, आणि आता जे मूल अजून आलेलंच नाही त्याच्यावरही.

म्हणजे दुसरं मूल झालं तरी वाचाल, असं मी म्हणते आहे का? नाही. तेव्हा तुम्ही रजेवर होतात, मिस्टर घरी होते, एकच बाळ होतं, आणि बाहेरचं जगच बंद होतं. आता पहिलीत जाणारी मुलगी आहे, तिचा डबा आहे, व्हॅन आहे. दोन मुलांत पहिली दोन वर्षं कशी जातात ते मी स्वतः पाहिलं आहे. त्या काळात मी वाचलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे सिरपच्या बाटलीवरचं लेबल. पण तेव्हाही माझी अडचण मुलांची नव्हती, ज्या माणसांनी हातभार लावायला हवा होता ती बाहेरच्या खोलीत बसून टीव्ही पाहत होती ही होती. (हे त्यांनीही वाचावं म्हणून लिहिलं आहे.)

तेव्हा पहिली विनंती ही, की 'मूल की पुस्तकं' हा तराजू खाली ठेवा. त्यावर तुम्ही काहीही तोललं तरी गुन्हेगार तुम्हीच ठरता. मूल नको म्हटलं तर पुस्तकवेडी आई, हो म्हटलं तर पुस्तकांचा राग बाळावर. प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे सोडवायचे आहेत.

आधी तुमच्या दिवसाबद्दल. घरून शिकवणाऱ्या बाईच्या नशिबी एक वाक्य ठरलेलं असतं: "घरीच तर असतेस." शाळेत जाणारी शिक्षिका पर्स उचलून घराबाहेर पडते, ते लोकांना दिसतं. तुमच्याकडे मात्र बॅच चालू असताना मिक्सर लागतो, घंटागाडीचं गाणं वाजलं की कचरा द्यायला तुम्हीच उठायचं, आणि कुरिअरवाल्यालाही तुमचंच नाव माहीत. 2020 मध्ये केंद्राने ऑनलाइन वर्गांसाठी नियमावली काढली, तिच्यात पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच वर्ग घ्यावेत असं म्हटलं होतं. मुलांच्या डोळ्यांची, पाठीची काळजी झाली ते चांगलंच झालं. पण पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या बाईंनी किती तास बोलावं, बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांकडे बघून किती हसावं, हे मात्र तुमचं तुम्हीच ठरवायचं.

ते ठरवा. तुमच्या सहा बॅचपैकी चार 'वन टू वन' आहेत, असं तुम्ही लिहिलं आहे. एकाच इयत्तेच्या चार मुलांना एकत्र घेतलं तर प्रत्येकाची फी कमी करूनही तुमचं उत्पन्न फारसं हलत नाही आणि दिवसाचे तीन तास मोकळे होतात. काही पालक कुरकुरतील, एखादा सोडून जाईल. पण गणितासारख्या विषयात मुलं एकमेकांच्या चुकांमधून जितकं शिकतात तितकं आपल्या समजावण्यातून शिकत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. आणि पहाटेची बॅच शक्य असेल तर शनिवार-रविवारवर न्या. तिथे शनिवारची सकाळ असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तुमचा गजर सव्वापाचवर येतो, तेव्हा वेळापत्रक तसंही हलवावं लागतंच. पालकांशी बोलायला तोच मुहूर्त बरा.

आता त्या लाजेबद्दल. वाचन हा तुमचा छंद आहे आणि छंद म्हणजे उरलासुरला वेळ, असं तुम्ही धरून चालला आहात. वाचणारी शिक्षिका जास्त चांगलं शिकवते, वाचणाऱ्या आईची मुलं वाचतात, असले दाखले देऊन मी तुमच्या वाचनाची वकिली करणार नाही. बाईने स्वतःसाठी केलेली प्रत्येक गोष्ट शेवटी कुणाच्या तरी उपयोगाची आहे हे का सिद्ध करावं लागावं? मिस्टर रविवारी सकाळी क्रिकेटला जातात, हे तुम्ही पत्रात कंसात लिहिलं आहे. त्या क्रिकेटमुळे ते चांगले सुपरवायझर होतात का, असं घरात कुणी विचारल्याचं पत्रात दिसलं नाही. जावं त्यांनी, खुशाल जावं. रविवारी ते परत आले की दुपारी चार ते सहा तुमचे.

हे दोन तास 'मिळाले तर बघू' असे ठेवू नका. भिंतीवरच्या वेळापत्रकात बाकीच्या बॅचसारखीच एक बॅच लिहा. घरात बॅचला मान आहे, वाचनाला नाही. तर त्या मानाचा फायदा घ्या. आणि हे दोन तास घरात काढू नका, नाहीतर साडेचारला चहा टाकायला तुम्हीच उठाल. तुमच्या गावात 1840 पासून चाललेलं सार्वजनिक वाचनालय (सावाना) आहे. सावानात जाऊन बसा. तिथे कुणी "आई, शू आली" म्हणत नाही.

एरवीच्या दिवसांसाठी पाचशे पानांची कादंबरी बाजूला ठेवा. तुटक वेळेला तुटक वाचन लागतं: कथा, ललित लेख, कविता, पत्रं, आणि अर्थात दिवाळी अंक. मुलं वर्गात यायला पाच-सात मिनिटं उशीर करतात, कुणी येतच नाही. त्या वेळात आपण मोबाईल उचलतो, म्हणून लॅपटॉपशेजारी अंक उघडाच ठेवायचा. तो छापील असावा. दिवसभर पडदा पाहिलेल्या डोळ्यांना रात्री पुन्हा पडदा दाखवू नये. ऐकायची पुस्तकं माझ्या काही मैत्रिणींना पोळ्या लाटताना आवडतात. पण तुमच्या कानात सहा तास हेडफोन असतो, तेव्हा तुम्हाला नको वाटली तर त्यात काही वावगं नाही.

आता मुलाचा प्रश्न. "राखी बांधायला कुणीतरी" म्हणजे कोण, हे एकदा घरात मोठ्याने विचारा. दुसरीही मुलगी झाली तर हीच माणसं इतकीच खूश होतील का? उत्तर देताना कुणी क्षणभर थांबलं, तर तो क्षण लक्षात ठेवा. मग मागणी भावंडाची नसून मुलग्याची आहे, आणि त्या मागणीसाठी तुम्ही तिसऱ्यांदाही उभ्या राहणार आहात का, हे आजच कळलेलं बरं. गर्भलिंग तपासणीवर बंदी आणणारा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी, 1988 मध्येच केला. अशी बंदी घालावी लागली ती अशाच घरगुती, प्रेमळ वाक्यांपायी.

एकुलती एक मुलं हट्टी आणि एकलकोंडी होतात, या समजाचीही फार भीती बाळगू नका. टेक्सासच्या मानसशास्त्रज्ञ टोनी फॅल्बो यांनी यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, त्यांत एकुलती मुलं स्वभावाने भावंडं असलेल्या मुलांपेक्षा फारशी वेगळी आढळली नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं होती. तुमच्या लेकीच्या वर्गात एकुलती मुलं पुष्कळ असतील. भावंडाचं सुख खरं आहेच, मी ते नाकारत नाही. पण ते लेकीसाठी आणायची भेटवस्तू नव्हे. मूल हवं तर ते तुम्हा दोघांना हवं म्हणून.

"वय चाललंय" हे मात्र निव्वळ धाक दाखवणं नाही. पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता वेगाने घटते, गर्भपाताचं प्रमाण वाढतं. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता 35 व्या वर्षी सुमारे 350 त एक असते, 40 व्या वर्षी सुमारे 100 त एक. म्हणजे तुमच्याकडे विचाराला एक-दोन वर्षं आहेत. दहा नाहीत, आणि पुढचा महिनाच काय तो असंही नाही. कुणी धास्तावून एएमएचची (अंडाशयात किती बीजं उरली आहेत याचा अंदाज देणारी) रक्ततपासणी करा म्हणालं तर हे ध्यानात ठेवा, की तो आकडा वंध्यत्वाच्या उपचारात उपयोगी पडतो, आपणहून दिवस राहतील की नाही हे तो सांगत नाही.

आणि आता त्या वाक्याकडे येते जे तुम्ही सगळ्यांत घाईने लिहून पुढे गेलात: "सांभाळून असतो."

सांभाळून म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही. आयत्या वेळी आवरतं घेणं, एवढ्याच भरवशावर राहणाऱ्या पाच जोडप्यांपैकी साधारण एकीला वर्षभरात दिवस जातात. तुम्हाला वर्षात दोनदा 72 तासांतली गोळी घ्यावी लागली, म्हणजे तो भरवसा दोनदा डगमगला. ती गोळी अडीनडीसाठी असते, नेहमीच्या वापरासाठी नाही. पाळी मागेपुढे होते आणि पुढचे पंधरा दिवस जीव टांगणीला लागतो. दुसऱ्या मुलाचा निर्णय अजून झाला नाही असं तुम्ही म्हणता. पण रोज रात्री तो निर्णय नशिबावर सोडून झोपता. निर्णय पुढे ढकलायचा तर जरूर ढकला, पण नीट ढकला.

वर्षभर शांतपणे विचार करायचा असेल तर तांबी बसवून घ्या. हजारात सहा-आठ बायकांनाच वर्षभरात दिवस राहतात, इतकी ती खात्रीची. कॉपर टी 380 ए दहा वर्षं चालते, पण दहा वर्षं ठेवायलाच हवी असं नाही. वर्षाने मूल हवंसं वाटलं तर काढायला पाच मिनिटं लागतात आणि लगेच दिवस राहू शकतात. पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव जास्त, पोटात दुखणं, हे होऊ शकतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तांबी पोटात वर सरकते, छातीपर्यंत जाते, असल्या कथा तुम्हाला ऐकवल्या जातील. त्या ऐकून सोडून द्या. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शन मोफत मिळतं, पण ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, तेव्हा 34 व्या वर्षी 'एक वर्ष थांबू' म्हणणारीसाठी मी ते सुचवणार नाही. 'छाया' ही संप्रेरकं नसलेली गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तुम्हाला वार पाळायची सवय आहे, जमेल. निरोधही आहेच, दर वेळी आणि सुरुवातीपासून वापरला तर. यातलं तुमच्या प्रकृतीला काय मानवेल ते स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून सांगतील. तिथे मिस्टरांना घेऊन जा. त्यांनी बाहेर बाकावर बसायचं नाही, आत यायचं.

हे मराठीत उघडपणे बोलायला आपण अजून बिचकतो, याची मला गंमत वाटते. कारण मुंबईत 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे तुमच्यासारखेच गणिताचे शिक्षक होते. विल्सन कॉलेजात प्राध्यापक. या कामापायी त्यांना 1925 मध्ये नोकरी सोडावी लागली, मग 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. मूल हवं का, कधी हवं, हे बाईने ठरवावं, हे ते त्या काळात छापून सांगत होते. शंभर वर्षांनी आपण "सांभाळून असतो"वर आलो आहोत.

विचाराअंती दोघांनाही मूल हवं असं ठरलं, तर आनंदाने पुढे व्हा, पण तयारी बाळाच्या आधी करा. फोलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करायची असते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्या. शाळेत वा संस्थेत पगारावर असलेल्या वाचक मैत्रिणींना पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून कायद्याने मिळते. बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. "आमच्याकडे तीनच महिने देतात" असं कुणी सांगितलं तर लेखी मागा. तुम्ही स्वतःच्या बळावर शिकवता, तुमची रजा तुम्हालाच कमवायला हवी. म्हणून आत्तापासून एका बॅचची फी वेगळ्या खात्यात टाका, निदान सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. हा पैसा 'घरातला' नाही, तो तुमचा बाळंतपणाचा पगार. पहाटेची बॅच सहाव्या महिन्याच्या आत दुसऱ्या शिक्षिकेकडे सोपवा. ऑनलाइन शिकवणाऱ्या चार-पाच जणींनी मिळून एकमेकींच्या बॅचेस सांभाळायचं ठरवलं तर मुलंही तुटत नाहीत. आणि रात्रीच्या बाटल्या, लेकीचा डबा, तिची व्हॅन यातलं काय मिस्टरांचं, ते आत्ताच कागदावर लिहून घ्या. नंतर ते "सांगितलं असतंस तर केलं असतं" म्हणतात. सगळेच म्हणतात.

एकच पुरे असं ठरलं, तर पुढचा प्रश्न शस्त्रक्रियेचा, आणि तिथे परत तुमचाच नंबर लागू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचा आकडा होता 0.3 टक्के. खरं तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी पोट न उघडता, जागच्या जागी भूल देऊन होते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. तीन महिने मात्र दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यायची. क्रिकेटही काही दिवसांत सुरू होतं. लेक अजून लहान आहे, तेव्हा कायमचा उपाय घाईने नको. काही वर्षं तांबीवर काढायलाही हरकत नाही.

राहिला तुमचा मूळ प्रश्न: घरच्यांना काय सांगायचं. सासूबाईंना तुम्ही काहीच सांगू नका. मिस्टर सांगतील. "आई, आम्ही दोघांनी वर्षभर थांबायचं ठरवलंय," एवढंच, तुम्ही खोलीत नसताना. सुनेच्या तोंडून तेच वाक्य आलं की त्याला उलट उत्तर म्हणतात. त्याआधी तुम्हा दोघांचं बोलणं मात्र व्हायला हवं, आणि ते रात्री साडेअकराला नको. रविवारी लेकीला आजीकडे ठेवून गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चक्कर मारा. बोलण्याची सुरुवात "मला वाचायला मिळत नाही" इथून करू नका, "मी पावणेपाच तास झोपते" इथून करा. पहिल्यावर वाद होतो, दुसऱ्यावर वाद घालणं अवघड आहे. कदाचित त्यांनाही दुसरं मूल आईच्या शब्दाखातरच हवं असेल. कदाचित मनापासून हवं असेल. पत्रात त्यांचं स्वतःचं एकही वाक्य नाही, म्हणून मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नीट माहीत नसावं अशी शंका येते.

आणखी एक. मार्चपासून उशाशी असलेलं ते पुस्तक वाचनालयाचं आहे ना? त्याचा दंड आता बराच झाला असेल. ते नूतनीकरणासाठी येत्या शनिवारी मिस्टरांच्या हाती पाठवा. 64 व्या पानावरची खूण तेवढी काढू नका म्हणावं. पुस्तकाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पुढच्या पत्रात कळवा.